परात पाठीला बांधून

आमच्या गावाच्या उत्तरेला एक डोंगर आहे. सेनगावचा बाजार करून परतताना आधी तो दिसायचा, मग गाव. त्याला नाव नव्हतं. ‘तो वरचा’ म्हटलं की सगळ्यांना समजायचं. माणसं वाट पाडतात ती देवासाठी नाहीतर पाण्यासाठी, आणि त्या डोंगरावर दोन्ही नव्हतं, त्यामुळे वाटही नव्हती. गुराखी अर्ध्यापर्यंत जात, लाकूडफाट्याच्या बाया त्याहून खाली थांबत, आणि वरचा सगळा भाग करवंदीच्या जाळ्यांना आणि रानडुकरांना सोडून दिलेला होता. चुलीपुढे बसलं की मागच्या दारातून तो दिसे. लग्नानंतर चार वर्षं मी त्याच्याकडे बघत भाकरी थापल्या. तू एक दिवस त्याच्या माथ्यावर उभी राहशील असं कुणी सांगितलं असतं तर पदरात तोंड घालून हसले असते.

चढले ती सासूबरोबर. आणि पाठीला पितळी परात बांधून.

त्याचं कारण आधी सांगते. माझी नणंद नदीपलीकडे, वऱ्हाडात दिलेली होती. आमचा मुलूख निजामाचा, पलीकडचा इंग्रजांचा, मध्ये पैनगंगा. एरवी लोक धोतर वर खोचून नदी उतरत आणि लग्नकार्यं उरकून परत येत. पण इंग्रज गेले आणि आमच्याकडे धामधुमीचं, लुटालुटीचं आणि पळापळीचं वर्ष आलं. नदीच्या उतारांवर नाकी बसली, रात्रीचे कंदील बंद झाले, अनोळखी माणसाला पाणी देतानाही लोक दोनदा विचार करू लागले. नेमकं त्याच वर्षी, लग्नाला आठ-नऊ वर्षं झाल्यावर, नणंदेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सासूनं डिंक आणून ठेवला, जुनी लुगडी धुऊन मऊ केली, बाजेचे दोर आवळून घेतले. सातव्या महिन्यात तिला आणायला बैलगाडी निघाली ती नाक्यावरून परत फिरली. त्यानंतर तिकडची खबरच बंद झाली.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे एक रीत फार कडक पाळत. लेक दिली की तिला लेकरू होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. बापाला त्यातल्या त्यात सूट असे. सासरे कधी गेलेच तर शेजाऱ्याकडे जेवून येत. सासू मात्र कधी गेलीच नाही. ज्या घरात घोटभर पाणी घ्यायचं नाही तिथं जाऊन मी काय उन्हात वाळत बसू, असं तिचं म्हणणं. आणि हीच रीत मला उलट्या बाजूनं लागू होती. मलाही मूल नव्हतं. माझी आई दिवाळीला मला न्यायला यायची ती आपल्या गावचं पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात घेऊन. ओट्यावर बसायची, फिरकी उघडायची, दोन घोट घ्यायची आणि घट्ट लावून ठेवायची. माझ्या घरी रांजण भरलेला असायचा आणि माझी आई कोमट पाणी पीत बसायची. ती फिरकी उघडताना जो आवाज व्हायचा ना, तो मला चार वर्षं ऐकवत नसे. सासूला त्यात काही वावगं दिसत नसे. रीत म्हणजे रीत.

माघ महिन्यात तांड्यावरची एक लमाणी बाई दारात आली. ती रानातला डिंक विकायला आडवाटेनं नदीपार जायची, नाकीबिकी तिला कधी आडवी आली नाहीत. तिनं नणंदेचा निरोप आणला होता. दिवस भरत आलेत. शिवरातीच्या दिवशी त्या वरच्या डोंगरावरून माझ्या सासरच्या गावाकडे बघा. सगळं नीट झालं असलं तर मी स्वतः गावाबाहेरच्या बरडावर उभी राहून काशाची थाळी उन्हात चमकवीन. तीनदा चमकवीन, थांबीन, परत तीनदा. दुसऱ्या कुणाच्या हातात थाळी देणार नाही. थाळी दिसली नाही तर समजून घ्या.

समजून काय घ्यायचं ते कुणी तोंडानं बोललं नाही. सासू दोन दिवस कामावर तुटून पडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी जाणार. सासऱ्यांनी आणि माझ्या मालकांनी जाण्यात धोका होता. डोंगरावर पुरुष दिसला की तो खबऱ्या, असा तो काळ. बाया मात्र विळा आणि दोर घेऊन निघाल्या की फाट्याला चालल्या, एवढंच. मला बरोबर घ्यायचं ठरलं. सासू परात चिंचेनं घासू लागली तेव्हा सासरे म्हणाले, डोंगरावर पंगत बसणार आहे की काय? सासू म्हणाली, तिनं आपल्याला थाळी दाखवायची आणि आपण तिला काय, ठेंगा दाखवायचा? आपण आलो हे तिलाही कळायला नको?

शिवरातीला उजाडता उजाडता आम्ही निघालो. सासूचा उपास होता, आणि तोही निरंकार. थाळी दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही असं तिनं देवापुढे बोलून टाकलं होतं. तरी माझ्यासाठी म्हणून फिरकीचा तांब्या भरून घेतला होता. परात जुनेरात गुंडाळून माझ्या पाठीला बांधली. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरं, पण आमचा दुरूनही साजरा नव्हता. काळा, काटेरी आणि रुसल्यासारखा.

पायथ्याची झुडपं ओळखीची होती. तरवड, पळस, हिवर. पळसाला नुकती फुलं धरू लागली होती. गुराख्यांची वाट संपली तिथून पुढे गवत लागलं, कमरेइतकं, वाळलेलं, कुसळांनी भरलेलं. दहा पावलांत लुगड्याला इतकी कुसळं चिकटली की चालताना पोटऱ्यांना टोचण्या लागल्यासारखं होई. मग करवंदीच्या जाळ्या. त्यातून जायला वाट नव्हती, डुकरांनी पाडलेली भोकं होती. सासू विळ्यानं फांद्या तोडत पुढे, मी मागे. जिथं तोडता येईना तिथं आम्ही रांगत गेलो. परातीनं तिथं ढालीचं काम केलं. काटे तिच्यावर ओरखडत आणि कर्रकर्र आवाज होई. पाठीवर परात आणि चार पायांवर चाल, म्हणजे मी कासवीण झाले होते. मला हसू आलं. सासूनं मागे वळून पाहिलं आणि तीही हसली. चार वर्षांत आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो ते पहिल्यांदा.

जाळ्या संपल्या आणि सालईची झाडं लागली. पांढुरकी, साल सुटलेली, एकही पान नसलेली. तिथं इतकी शांतता होती की आम्ही आपोआप हळू बोलू लागलो. जमिनीवर सायाळीचे काटे पडलेले, एका दगडावर मोराची विष्ठा, कुठं ओली माती उकरलेली. इथं रोज एवढं काही चाललेलं असतं आणि आपण खाली भाकरी थापत असतो, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. भीती म्हणावी तर भीती नव्हती. एखाद्या मोठ्या माणसाच्या घरात न विचारता शिरल्यावर जसं वाटतं तसं वाटत होतं.

आणि मग एकदम समोर कातळ उभा राहिला. चुलीपुढून पाहताना तो मला डोंगराच्या डोक्यावरची पगडी वाटायचा. जवळून पाहिला तेव्हा मान मागे टाकूनही त्याचा वरचा काठ दिसेना. काळा, उन्हानं तापू लागलेला, आणि त्याच्या पुढे आलेल्या कपाळाखाली आग्या माशांची पोळी लोंबत होती. वाळत घातलेल्या घोंगड्यांएवढी. त्यांच्यावरून मधूनमधून एक लाट सरकत जाई, सगळ्या माशा एकदम पंख हलवत, आणि परत सगळं स्तब्ध होई. मी इतकं भयंकर आणि इतकं देखणं काही तोवर पाहिलं नव्हतं. सासूनं ओठांवर बोट ठेवलं. एकदा परात खडकावर आदळून खणकन वाजली असती तर आमची खबर सांगायलाही कुणी उरलं नसतं. तिनं आपल्या अंगावरची चादर काढून परातीभोवती आणखी एक घडी गुंडाळली आणि आम्ही श्वास धरून पोळ्यांखालून बाजूला सरकलो.

पलीकडच्या अंगाला कातळात एक भेग होती. तिच्यात पिंपरणीची मुळं उतरलेली. मुळं धरून चढता येण्यासारखं होतं, पण पहिलं मूळ हाताला लागत नव्हतं. सासू भिंतीला टेकून उभी राहिली आणि कुजबुजली, “दे पाय माझ्या खांद्यावर.”

ज्या बाईपुढे मी कधी उघड्या डोक्यानं उभी राहिले नव्हते तिच्या खांद्यावर पाय द्यायचा होता. मी म्हटलं, “आत्याबाई, पाय कसा देऊ?”

“वर जायाचंय का खाली? दे म्हणते तर दे. घरी गेल्यावर पाया पड अन् फेडून टाक.”

दिला. तिचा खांदा माझ्या तळव्याखाली थरथरला, पण हलला नाही. मूळ हाताला आलं. मी कशी वर गेले ते मला नीट आठवत नाही, गुडघे सोलले गेले, पदर केव्हाच कमरेला खोचला होता. फाट्याचा दोर खाली सोडला. त्याला आधी पाठीवरून उतरवून खाली ठेवलेली परात बांधून आली. मग सासूनं दोर कमरेला बांधला, मी झाडाच्या बुंध्याला पाय लावून ओढत राहिले, आणि पन्नाशीची ती बाई दगडाला पालीसारखी चिकटत वर आली. वर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माझा पदर कमरेतून सोडून डोक्यावर टाकायचं. तिथं बघायला घारीखेरीज कोण होतं?

घार होती मात्र. आणि ती आमच्या खाली उडत होती. उडत्या पाखराची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तपकिरी, आणि कडेची पिसं बोटांसारखी पसरलेली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग नजर तिच्यावरून खाली गेली, आणि मी खरंच मटकन बसले.

किती सांगू! आपण ज्याला जग म्हणतो ते गाव एका तळहाताखाली झाकलं जात होतं. आमचं घर शोधायला मला वेळ लागला. ज्या विहिरीवर जाऊन येताना कंबर मोडायची ती घराला चिकटलेली दिसत होती. उत्तरेला उतार घसरत गेले होते, त्यांच्या तळाला पैनगंगा, कुठं चमकणारी, कुठं झाडांत बुडालेली. आणि तिच्यापलीकडे वऱ्हाड. काळी रानं, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, पिवळी पडलेली ज्वारी, गावं, आणखी गावं, आणि त्यांच्याही मागे निळ्या डोंगरांची ओळ. जमीन संपतच नव्हती. वारा इतका होता की रडू आलं तरी डोळ्यांत पाणी टिकेना. मला रडू का येत होतं ते मला कळलं नाही. एवढं सगळं रोज इथं होतं, माझ्या चुलीपासून एका सकाळीत चढून होईल एवढ्या अंतरावर, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सासूही उभी होती. तिनं हात जोडले होते, पण समोर देव नव्हता, देऊळ नव्हतं, नुसतं ते सगळं होतं.

मग ती म्हणाली, “कोणतं गं तिचं गाव?”

सासऱ्यांच्या सांगण्यात गावाची खूण होती. नदीच्या काठाला, पांढरं देऊळ, मागे वडाचं झाड. ते आम्हाला लगेच सापडलं, अगदी समोर. पांढरा ठिपका, त्याच्यामागे गडद हिरवा ठिपका. सासूनं त्या गावावर डोळे लावले. पापणी हलवत नव्हती. “लांब दिली गं,” असं एकदा म्हणाली.

ऊन वर आलं. त्या गावातून धूर निघाला, गुरं बाहेर पडली असावीत अशी धूळ दिसली. थाळी काही चमकेना. मी म्हटलं, शिवरात आहे, आधी देवाला जातील. थोड्या वेळानं म्हटलं, नदीकाठाला धुरकट असेल. सासू हं म्हणायची. मी तांब्या पुढे केला तर तिनं हातानं मागे सारला. तिचे ओठ फुटले होते. सूर्य डोक्यावर यायला लागला तशी माझी कारणं संपली. तिच्याकडे बघायचं धैर्य होईना, म्हणून मी बाजूच्या दगडावर जाऊन तळपायातला काटा काढू लागले.

ती माझ्याकडे न बघता बोलू लागली. “आठ वर्सं झाली. एक डाव बी तिच्या दारात गेले न्हाई. ती बोलवून राहिली व्हती. पानी नको पिऊ माय, म्हने, नुसती बसून जा. मीच न्हाई गेले. आता ती न्हाईच म्हनल्यावर मी ते पानी कुठं पिऊ?”

काटा निघाला, मी मान वर केली. मी बसले होते तिथून समोरचं गाव दिसत नव्हतं, पश्चिमेकडचं दिसत होतं, नदीच्या वळणापलीकडचं. आणि तिथं, भर दुपारच्या उन्हात, जमिनीवर एक चांदणी लागली.

विझली. लागली. विझली. लागली. विझली. मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत तशीच तीनदा.

नीट पाहिलं तर तिथंही एक पांढरं देऊळ होतं. त्याच्यामागेही वडाचं झाड. आम्ही सकाळपासून भलत्याच गावाकडे डोळ्यांत प्राण आणून बघत बसलो होतो, आणि ती कधीपासून बाजूच्या बरडावर उभी राहून थाळी हलवत होती कुणास ठाऊक. घरात एका पुरुषाला खुणा माहीत आणि आईनं गाव पाहिलेलंच नाही, म्हणजे दुसरं काय होणार!

मी म्हटलं, “आत्याबाई, तिकडं नका बघू. हिकडं या.”

ती आली. तिनं पाहिलं. तिनं माझं मनगट धरलं, आणि ते इतकं घट्ट की दोन बांगड्या तिथंच पिचल्या. मैलोगणती लांब, मुंगीएवढीही दिसत नसलेली तिची लेक, बाळंतपणातून उठून आपल्या पायांवर उभी होती. आभाळाखाली एवढी जमीन पसरली होती आणि त्यातला तो कणभर उजेड फक्त आम्हा दोघींसाठी होता. आज इतकी वर्षं झाली, मी देवळं पाहिली, समुद्र पाहिला, पण तसा उजेड पुन्हा पाहिला नाही.

मग परात. सासूनं ती वऱ्हाडाकडे तोंड करून छातीशी सरळ धरली. सूर्य आमच्या पाठीमागे होता, परातीवर सावली. तिकडून काहीच फरक पडेना. मी तिच्या हातातून घेतली, आभाळाकडे कलती केली, इकडे तिकडे करून पाहिली. कधीतरी पितळेवरचं ऊन माझ्या डोळ्यांवरून सरकून पुढच्या गवतावर पडलं, मग खालच्या झाडांवर, मग दिसेनासं झालं. मी परात त्याच अंदाजानं हळूहळू हलवत राहिले.

तिकडची थाळी थांबली. बराच वेळ थांबली. आणि मग तीन नाही न् काही नाही, नुसती चमचम, चमचम, चमचम सुरू झाली. तिनं आम्हाला पाहिलं होतं.

आता सासू रडली. मोकळी, आवाज करून. रडणं झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि तांब्या मागितला. मी फिरकी उघडून दिला. ती त्या गावाकडे तोंड करून खाली बसली. तिनं तांब्या कपाळाला लावला आणि वरून धार धरून पाणी प्याली. “हे तिच्या घरचं,” म्हणाली. पोरगं झालं की पोरगी, ते चमकण्यातून कळत नव्हतं, आणि तिनं ते विचारलंही नाही.

तांब्या तिनं माझ्या हातात परत दिला, पण फिरकी दिली नाही. ती मुठीत धरून बघत राहिली. माझ्या आईच्या तांब्याला अशीच फिरकी होती. मला वाटतं तेव्हा तिला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला असावा.

“तुह्या मायला सांगावा धाड,” ती म्हणाली. “आपल्या घरी येऊन पानी पी म्हनावं.”

मी म्हटलं, “आत्याबाई, मला लेकरू कुठंय अजून?”

“लेक हाय ना तिची,” सासू म्हणाली. “बास झालं तेवढं.”

उतरताना काय काय झालं ते सांगत बसत नाही. परात एका ठिकाणी चेपली, ती अजून तशीच आहे. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पाया पडून खांद्याचं फेडलं.

माझी आई चैत्रात आली. नेहमीसारखी ओट्यावर बसली, नेहमीसारखा तिनं पिशवीतून तांब्या काढला. सासू आतून पाण्याचा लोटा घेऊन आली आणि तिच्यापुढे धरून उभी राहिली. आईनं आधी लोट्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग माझ्या तोंडाकडे. मी मान हलवून नाही म्हटलं. तरी सासू लोटा मागे घेईना. शेवटी आईनं तो हातात घेतला. ती हळूहळू प्याली, तळापर्यंत, आणि आणखी मागितलं.

मला पहिलं मूल व्हायला त्यानंतरही बराच काळ जायचा होता. पण त्या दिवशी संध्याकाळी परत निघताना आईनं आपल्या तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं आणि वाटेसाठी म्हणून तो आमच्या रांजणातून भरून घेतला.